कोकणात राहून वाद्यं बनवण्याच्या धंद्यावर घर चालतं का?

आबोली_कुडाळ

नमस्कार मंडळी. घरात गेले दोन महिने एकाच विषयावर खडाजंगी चाललीय, म्हणून शेवटी इथे विचारते.

माझा भाचा, वय २३. आयटीआयला सुतारकाम केलं, मग गोव्यात एका फर्निचरच्या कारखान्यात दोन वर्षं काढली. पगार १८ हजार. खोली आणि खाणावळ वजा जाता हातात काय उरायचं ते सांगायला नको. पखवाज लहानपणापासून वाजवतो, वाडीच्या भजनात त्याच्याशिवाय पान हलत नाही. दीड वर्षापूर्वी नोकरी सोडली आणि शेजारच्या गावातल्या एका मेस्त्रींकडे पखवाज-तबले मढवायला शिकायला लागला. आता म्हणतो, तिठ्यावर गाळा घेतो आणि स्वतःचं सुरू करतो.

दादा म्हणतो, सुतार आहेस तर दरवाजे-खिडक्या कर, बारा महिने काम आहे. त्याच्या आजीचं, म्हणजे माझ्या आईचं, वेगळंच. "कातड्यात हात घालतलो? आमच्या घरात?" म्हणून दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. हीच आई दर गुरुवारी भजन सुरू व्हायच्या आधी पखवाजाला हात लावून तो कपाळाला लावते, हे तिला सांगायची कोणाची छाती नाही.

तर प्रश्न साधा आहे. या धंद्यात असलेले, घरात कोणी असलेले किंवा जवळून पाहिलेले कोणी इथे आहेत का? कोकणात राहून यावर घर चालतं का? मुंबई-पुण्याला जा हा सल्ला नको, तो आम्हाला रोज फुकट मिळतो.

चाकरमानी_डोंबिवली

आमच्या वाडीत घरं अठरा आणि पखवाज एकवीस. गिऱ्हाईक कमी पडणार नाही, पैसे मात्र पुढच्या गणपतीत मिळतील :)

घाटावरचा

मिरजेचा आहे म्हणून बोलतो. आमच्याकडे सतारी-तंबोरे बनवणाऱ्यांच्या पिढ्यान् पिढ्या आहेत, एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून सुरू झालेलं काम. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी त्या गल्लीत जाऊन विचारा, किती जणांची मुलं या कामात आहेत. आणि तिथे निदान एका जागी सगळं मिळतं: पंढरपूरकडचे भोपळे, लाकूड, पॉलिशवाला, तारावाला, भारतभरातून येणारं गिऱ्हाईक. तुमच्या भाच्याच्या तिठ्यावर काय आहे? एकटा कारागीर म्हणजे सगळं सामान बाहेरून आणायचं आणि सगळ्या चुका स्वतःच्या खर्चाने करायच्या. आधी मिरजेला दोन वर्षं काढ म्हणावं.

आबोली_कुडाळ

@चाकरमानी, हसले, पण दादाचं म्हणणं अगदी हेच आहे.
@घाटावरचा, तिठ्यावर एक वडापावची गाडी, एक मेडिकल आणि एक सायबर कॅफे आहे. पण आजूबाजूच्या दहा-बारा गावांत मिळून तीसेक भजनी मंडळं, दोन दशावतारी कंपन्या आणि शाळा आहेत. तंबोऱ्याचं गिऱ्हाईक भारतभर असेल, पखवाजाचं गिऱ्हाईक आमच्या दारात आहे. फाटलेली पुडी (वाद्याचं चामड्याचं तोंड) घेऊन मिरजेला कोण जाणार?

खाडीकाठ

वाचक म्हणूनच इथे असतो, फारसं लिहीत नाही. पण या धाग्यावर लिहायला हवं, कारण माझे वडील हेच काम करत. रत्नागिरी तालुक्यात, खाडीच्या कडेला घर. पडवीत एका बाजूला बकरीची कातडी ताणून ठेवलेली, दुसऱ्या बाजूला आमची दप्तरं. तो वास मला आजही कुठे आला तरी मी पडवीत पोचतो.

लोकांना वाटतं पुडी बांधली की काम झालं. खरं काम शाईत, म्हणजे पुडीवरच्या काळ्या गोलात आहे. लोखंडाचा बारीक कीस आणि शिजवलेली खळ मळून तो काळा लगदा करायचा. अंगठ्याने त्याचा पातळ थर मधोमध बसवायचा. थोडा सुकला की गुळगुळीत काळ्या दगडाने घोटायचा, दगड तापेपर्यंत. मग दुसरा थर, आधीच्याहून थोडा लहान. असे थरावर थर. घोटून घोटून त्या शाईला केसाएवढ्या भेगा पडतात, आणि त्या भेगांमुळेच तबला बोलतो. भेगा नसतील तर आवाज दगडावर मारल्यासारखा येतो. वडील दर दोन-तीन थरांनंतर बोट मारून ऐकत. मला सगळं सारखंच वाटायचं. ते म्हणत, "अजून झोपलाय."

आता कोकणातली मेख. पुड्या फाटतात कधी? वापरात. वापर कधी? गणपतीत. मंडळींना आठवण कधी होते? आषाढ लागला की. म्हणजे वर्षातलं निम्म्याहून जास्त काम नेमकं अशा दोन महिन्यांत येतं, जेव्हा हवेत इतकं पाणी असतं की टॉवेल तीन दिवस सुकत नाही. ओलं कातडं ताणलं तर त्याला बुरशी येते. खालचा थर ओला असताना वर दुसरा चढवला तर महिन्याभरात शाईची खपली निघते आणि गिऱ्हाईक शिव्या देतं. वडील करवंट्यांचे निखारे शेगडीत घालून त्यावर बऱ्याच उंचीवर टोपलं पालथं घालत आणि टोपल्यावर पुड्या ठेवत. रात्री दोन-दोनदा उठून त्या फिरवत. जास्त तापली तर कातडं कडक होऊन चरचरतं. आईचं आणि त्यांचं भांडण कायम या शेगडीवरून, कारण करवंट्या तिला चुलीला हव्या असत.

पैशांबद्दल: उधारी. मंडळाची वर्गणी गणपतीत जमणार, मग हिशेब होणार, मग खजिनदार मुंबईला जाणार. वडिलांची वही मी नंतर पाहिली, काही नावांपुढे १९९३ पासूनचे आकडे होते.

आणि धागाकर्तीच्या आईंबद्दल. राग मानू नका. आमच्या दाराशी पखवाज घेऊन येणारे त्याला नमस्कार करून आत द्यायचे आणि स्वतः अंगणातच उभे राहायचे. चहा विचारला तर "आत्ताच झाला." मला तो "आत्ताच झाला" सातवीत समजला. मी पुण्यात आयटीत आहे. वडिलांची अवजारं पेटीत आहेत, घोटायचा दगड माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून.

सुरंगी

@खाडीकाठ, काय बोलावं कळत नाही. लिहीत जा हो.

पांढरी_चार

मी पेट्या (हार्मोनियम) दुरुस्त करतो, ३१ वर्षं. आधी दादरला एका कारखान्यात, आता वेंगुर्ल्याला घरी. भाच्याला एकच सांगतो: नुसत्या चामड्याच्या वाद्यांवर राहू नकोस, पेटी शीक.

कारण हेच, दमट हवा. पाऊस सुरू झाला की लाकूड फुगतं, पट्ट्या एकमेकींना घासतात आणि खाली गेलेली पट्टी वर येत नाही. भात्याचा कागद-चामडं सुटतं, हवा मारतं. आतल्या पितळेच्या सुरांवर (हवेने थरथरून वाजणाऱ्या पातळ पट्ट्यांवर) हिरवट थर चढतो, मग सूर बोलत नाही किंवा कुजबुजतो. वर झुरळं, उंदीर. एकदा एका देवळातल्या पायपेटीत उंदराचं आख्खं बाळंतपण झालेलं होतं. मंडळ म्हणत होतं, "खर्ज वेगळाच येता."

सूर बहुतेक गुजरातेतल्या पालिताण्याहून येतात. जुन्या जर्मन सुरांची पेटी कोणाच्या घरी असली तर लोक जमिनीच्या सातबाऱ्यासारखी सांभाळतात. सूर लावणं हा खरा धंदा. सुराची पितळी पट्टी टोकाकडे खरवडली की सूर चढतो, मुळाकडे खरवडली की उतरतो. ऐकायला पाच मिनिटांचं काम, पण एक कानस जास्त फिरली की ते पितळ परत येत नाही. पहिल्या वर्षी मी मालकाचे किती सूर वाया घालवले ते त्यांनी पगारातून मोजून घेतले.

फुकटचा सल्ला: पावसाळ्यात पेटी बंद कपाटात ठेवा आणि कपाटात १५ वॅटचा बल्ब चालू ठेवा. माझं निम्मं गिऱ्हाईक हा सल्ला ऐकत नाही म्हणून माझं घर चालतं.

शुद्धसूर

पेटी हे मुळात आपलं वाद्यच नाही. पाश्चात्त्यांनी आणलेलं, त्यात मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही, श्रुती (स्वरांमधले बारीक फरक) नाहीत. आकाशवाणीने उगाच बंदी घातली नव्हती. परंपरा जपायची तर पखवाजच बनवावा.

पांढरी_चार

१९४० ला घातली आणि १९७१ ला उठवायला सुरुवात केली. त्या तीस वर्षांत कोकणातलं एक तरी भजन पेटीवाचून झालं का विचारा. बोरीच्या तुळशीदास बोरकरांची पेटी ऐका आणि मग बोलू.

शुद्धसूर

व्यक्तीच्या कौशल्यामुळे वाद्याचा दोष जात नाही.

बुवा_डबलबारी

आमचो आवाज टिपेत गेलो की श्रुती कोणाच्या आठवता रे! समोरचो बुवा तासभर चिमटे काढता, तेका उत्तर देवचा की मींड शोधूची?

असो. बुवा म्हणून गिऱ्हाईकाच्या बाजूने सांगतो. मला मेस्त्री तो हवा जो डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याच्या, आदल्या रात्री अकरा वाजता फोन उचलतो. डबलबारीत पखवाजाची वादी (पुडी ताणून धरणारी चामड्याची पट्टी) तुटली तर दुसरा पखवाज असतो, पण त्याला आपला सूर नसतो. एका मेस्त्रीने एकदा रात्री स्कूटरवरून १८ किलोमीटर येऊन स्टेजच्या मागे वादी बदलून दिली. त्या दिवसापासून आमच्या मंडळाचं आणि आमच्यामुळे आणखी सहा मंडळांचं काम त्याच्याकडे. त्याच्याहून सुबक काम करणारे आहेत. पण ते रात्री अकराला "उद्या बघू" म्हणतात.

@आबोली, पोरगो भजनात वाजवता म्हणजे अर्धी लढाई जिंकलो. न वाजवणाऱ्या मेस्त्रीचो पखवाज दिसाक बरो असता.

दुकानदार_चिपळूण

बनवण्याबद्दल बरंच झालं, विकण्याबद्दल लिहितो. वाद्यांचं दुकान, दुसरी पिढी.

लोकांना वाटतं आम्ही तबले-पेट्या विकून जगतो. दुकान चालतं ते गिटारच्या तारा, तबल्याच्या हातोड्या, बासऱ्या, झांजा, शाळांची लेझीम आणि ढोलाची फायबरची पानं यांवर. गिटार विकली की गिऱ्हाईक तीन महिन्यांत परत येतं, कारण खाऱ्या हवेत स्टीलच्या तारांना गंज चढतो. देव समुद्राचं भलं करो. ढोलक्या उत्तर प्रदेशातल्या अमरोह्याहून येतात. त्या ज्या भावात माझ्या दारात पडतात, त्या भावात इथल्या कारागिराला लाकूडही मिळत नाही. त्यामुळे भाच्याने ढोलकी बनवून विकायच्या फंदात पडू नये. बनवायचं तर असं, जे बाहेरून येत नाही: आपल्या बाजाचा भजनी पखवाज, जाखडी-नमन या आपल्या लोककलांचा मृदंग.

आता दुसरी बाजू. २२ जुलै २०२१. ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. आमच्या दुकानात पाणी माळ्याला लागलं. तिसऱ्या दिवशी शटर उघडलं तेव्हा चौदा पेट्यांच्या पेट्या राहिल्या नव्हत्या. सरस पाण्यात विरघळतो ना. सगळे सांधे सुटून फळ्या वेगळ्या, पट्ट्या वेगळ्या, भाते वेगळे, आणि ते सगळं चिखलात एकमेकांत मिसळलेलं. तबल्याच्या पुड्या आधी भिजलेल्या पापडासारख्या लोंबत होत्या, मग उन्हात वाळल्यावर वेड्यावाकड्या आवळल्या. वडील खुर्ची टाकून बाहेर बसले आणि एकेक सूर पुसून डब्यात टाकत राहिले. पितळ तेवढं वाचलं होतं. विम्याच्या माणसाने विचारलं, "यातलं चालू स्थितीत काय होतं?"

आता सगळा माल वरच्या मजल्यावर. भाच्याला सांगा, गाळा घेताना भाडं नंतर विचार, २००५ ला आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं ते आधी विचार.

रानवाट

लाकडाचा विषय निघालाच आहे तर. फणस, खैर, आंबा ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्राच्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहेत. स्वतःच्या परसातला फणस असला तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. वाद्यवाले सहसा पडलेलं किंवा परवानगीने तोडलेलं झाड हेरून ठेवतात, पण कागद जवळ असलेला बरा.

आणि घुमटाचं (गोव्याकडचं मडक्याला कातडं लावलेलं वाद्य) काम कोणी करणार असेल तर: घोरपडीचं कातडं अजिबात नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती संरक्षित आहे. आजोबांच्या वेळचं घुमट आहे म्हणून फोटो टाकून ऑनलाइन विकायला काढणारे महाभाग मी पाहिलेत. वारसा, परंपरा काही चालत नाही, सरळ गुन्हा आहे.

गोंयकार

घुमटार बकऱ्याचें कातडें लायतात आतां. २०१९ त गोवा सरकारान घुमटाक वारसा वाद्य म्हूण मान दिलो. जाणटे म्हणतात पयलींचो नाद येना. म्हाका दिसता, येता. कान आतां संवकल्यात.

(मराठी संकेतस्थळावर कोकणी लिहिल्याबद्दल क्षमस्व, घुमट म्हटलं की राहवत नाही.)

दुबईकर_देवगड

माझा अनुभव, कारागिराने ऐकावा असा. हौसेने गावाकडून फणसाच्या खोडाचा मृदंग करून घेतला. दिसायला देखणा, वाजायला गोड. दुबईत आणला, एसीत ठेवला. तिसऱ्या महिन्यात मध्यरात्री बंदुकीसारखा आवाज झाला. बायको उठून बसली. खोडाला उभी चीर, करंगळी जाईल एवढी.

मेस्त्रीला फोन केला तर म्हणाला, "झाड पाडून सहा महिने झाले होते, सुकलं असं वाटलं." कोकणात सहा महिन्यांत लाकूड काय सुकणार? त्यातले चार पावसाचे! परदेशी किंवा घाटावर पाठवायचं असेल तर दोन-तीन उन्हाळे खाल्लेलं लाकूड वापरा, किंमत जास्त सांगा, आम्ही देऊ. पण आधी सांगा.

सरकारी_कागद

विश्वकर्मा योजनेचं बघा की. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाख कर्ज, अवजारांना १५ हजार, प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये.

आबोली_कुडाळ

बघितलं. त्यात १८ व्यवसाय आहेत: सुतार, होड्या बनवणारे, चांभार, कुंभार, शिंपी, न्हावी, परीट, हार करणारे, मासेमारीची जाळी विणणारे, बाहुल्या-खेळणी बनवणारे वगैरे. वाद्य बनवणारा नाही. मेस्त्रींनी एका कार्यालयात जाऊन विचारलं. तिथला माणूस म्हणाला, "खोड करता तेव्हा तुम्ही सुतार, कातडं लावता तेव्हा चांभार. कोणतं लिहू?" मेस्त्री म्हणाले, "दोन्ही लिवा." तर म्हणे एकच लिहिता येतं. ते घरी परत आले.

भाच्याकडे सुतारकामाचा दाखला आहे, तो त्यातून अर्ज करू शकेल बहुतेक.

चाकरमानी_डोंबिवली

सावंतवाडीची लाकडी खेळणी यादीत बसतात ना? लहान तबला बनवा, "खेळणं" म्हणा. मोठा बनवा, "मोठ्या मुलाचं खेळणं" म्हणा.

बेंजोवाला

कोणी बेंजोचं नाव घेतलं नाही याचा निषेध! कोकणात लग्न, हळद, गणपतीची मिरवणूक, सगळीकडे बेंजो पथक. आणि @शुद्धसूर यांच्यासाठी: आपला बेंजो म्हणजे बुलबुलतरंगाचा भाऊ, आणि बुलबुलतरंग आला जपानच्या ताइशोगोतोवरून. ते वाद्य नागोया शहरात १९१२ साली तयार झालं. टाइपरायटरसारखी बटणं. जपान्याने केलं, कोळीवाड्यात येऊन नाचलं. परंपरा म्हणतात ती हीच.

धंद्याचं: आमच्याकडे पिकअप बसवणारा, बटणांच्या स्प्रिंगा बदलणारा माणूस पनवेलच्या अलीकडे मिळत नाही. भाच्याला सोल्डरिंग येतं का?

शुद्धसूर

निषेधाचा निषेध. पण १९१२ माहीत नव्हतं, धन्यवाद.

सुरंगी

मी एका मुद्द्यावर लिहिणार होते, राहून गेलं. पेटी लावायचं काम मी वडिलांकडून शिकले, मालवणला करते. पहिली तीन वर्षं प्रत्येक गिऱ्हाईक दारात उभं राहून विचारायचं, "मेस्त्री आहेत का?" मी म्हणायचे, "बसा," आणि पेटी उघडून कामाला लागायचे. ते वडिलांची वाट बघत बसायचे. सूर लागल्यावर म्हणायचे, "पण बाबांना एकदा दाखवा." बाबांना तेव्हा उजव्या कानाने ऐकू येत नव्हतं. आता विचारत नाहीत.

बेंजोच्या पिकअपचं काम मीही घेते हो, @बेंजोवाला. सोल्डरिंग येतं.

बेंजोवाला

ताई, तुम्ही आतापर्यंत कुठे होतात!

घाटावरचा

थोडं अवांतर, पण कारागिराला मान मिळतो का या मुद्द्यावर. झाकीर हुसेन यांचे तबले १९९८ पासून बनवणारे हरिदास व्हटकर मूळचे आमच्या मिरजेचे, घरात तिसरी पिढी या कामात. १९९४ ला मुंबईला गेले, कांजूरमार्गला त्यांचं काम चालतं. झाकीरभाई गेले तेव्हा, डिसेंबर २०२४ मध्ये, पेपरात व्हटकरांची मुलाखत आली. तोवर हे नाव तबला वाजवणाऱ्यांपलीकडे किती जणांना ठाऊक होतं? वाजवणाऱ्याचं नाव पोस्टरवर, बनवणाऱ्याचं खोडाच्या तळाला.

आणि हो, मिरजेला जा हा माझा सल्ला मी मागे घेतो. खाडीकाठ आणि दुकानदारांचं वाचून वाटतं, तिथल्या हवेचं काम तिथेच शिकायला हवं.

कोरडा_हिशेबनीस

सगळं भावनिक चाललंय. आकडे कोणी देईल का? मेस्त्रींचं वर्षाचं काम किती, हे धागाकर्तीने सांगितलं तर काही बोलता येईल.

आबोली_कुडाळ

मेस्त्रींना विचारून वही बघितली. गेल्या वर्षी दुरुस्ती-मढवणी ७४, सरासरी दीड हजार. त्यातल्या ५२ नुसत्या आषाढ-श्रावणात! नवे पखवाज ११, साधारण दहा हजाराला एक. म्हणजे २ लाख २१ हजारांचं काम. कातडी, वाद्या, लाकूड, प्रवास वजा जाता सव्वा लाखाच्या आसपास उरले. उधारी त्यातच धरलीय, म्हणजे सगळे हातात आले नाहीत.

कोरडा_हिशेबनीस

म्हणजे महिन्याला साडेदहा हजार. गोव्यात १८ मिळत होते. विषय संपला.

बुवा_डबलबारी

विषय खंय संपलो? गोव्यात खोलीभाडं होतं. आणि मेस्त्रीचा वय काय? सत्तर. ते दिवसाक चार तास बसतत. फोन नाय. पोरगो दहा तास बसतलो.

दुकानदार_चिपळूण

बुवांशी सहमत, पण हिशेबनीस चुकलेले नाहीत. नुसत्या पखवाजावर नाही भागणार. पेटीदुरुस्ती धरली, दुकानात तारा-हातोड्या-झांजा ठेवल्या, तर आकडा बदलतो. आणि सुतारकाम पूर्ण सोडू नये. मार्च ते मे दरवाजे-खिडक्या, जूनपासून पखवाज. दादाही खूश.

खाडीकाठ

एक सुचवतो. ५२ कामं दोन महिन्यांत येतात ती मुळात चुकीच्या वेळी येतात. वडील आयुष्यभर गिऱ्हाईकाच्या वेळापत्रकाने चालले. पोराने उलट करावं. शिमगा झाला की, चैत्र-वैशाखात, स्वतः गावोगाव जाऊन पखवाज गोळा करावेत. उन्हाळ्यात मढवतो, दर कमी लावतो, पैसे तेव्हाच द्या. पावसाळ्यात आलात तर जास्त. तेव्हा चाकरमानीही सुट्टीला गावात असतात, खजिनदारासकट. वडिलांना मी हे एकदा म्हटलं होतं, ते म्हणाले, "लोकांच्या दारात आपण कसं जायचं?" त्यांना अंगण ओलांडायची सवय नव्हती. तुमच्या भाच्याला ती अडचण नाही.

बुवा_डबलबारी

शाबास! उन्हाळ्यात दर कमी म्हटलास तर आमचे तीन पखवाज पयल्या दिवशी.

आबोली_कुडाळ

परवा हा धागा भाच्याला वाचून दाखवला. खाडीकाठ यांचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला त्याने. आई आत तांदूळ निवडत होती, तिला ऐकू जात होतं. काही बोलली नाही.

काल मेस्त्री आमच्याकडे आले होते, भाच्याचं विचारायला. नेहमीप्रमाणे अंगणात उभे. आई बाहेर आली आणि म्हणाली, "वर येवा, बसा." मग चहा ठेवला. मेस्त्री म्हणाले, "आत्ताच झालो." आई म्हणाली, "परत घेवा." गाळ्याला तिचा होकार आहे असं अजून तरी म्हणता येत नाही, विचारलं तर "कुंभाराकडसून मडकी आण, ती वाजव" म्हणते.

ठरलं ते असं. गाळा एक वर्षाच्या कराराने, आणि उंचावरचा (@दुकानदार, २०२१ ला पाणी त्या पायऱ्यांपर्यंतही आलं नव्हतं, तिघांना विचारलं). सुतारकाम चालूच. पेटीसाठी @सुरंगी ताईंना व्यनि (खाजगी निरोप) केलाय. शेवटचं, ऑर्डर १५ जुलैनंतर बंद. तो म्हणतो, ओली शाई माझ्या नावाने जाणार नाही.

सुरंगी

उत्तर दिलंय. शनिवारी पाठवा. येताना स्वतःची कानस आणू नको म्हणावं, माझी वापरेल. आणि वाया गेलेले सूर मी मोजणार.

चाकरमानी_डोंबिवली

१५ जुलै? अहो आमच्या मंडळाची मीटिंगच २० जुलैला असते!

बुवा_डबलबारी

मग मीटिंग अगोदर घेवा.

चाकरमानी_डोंबिवली

त्यासाठी आधी मीटिंग घ्यावी लागेल.

@पांढरी_चार, जाता जाता, आमच्या पेटीच्या वरच्या सप्तकातल्या तीन पट्ट्या खाली गेल्यात त्या वर येत नाहीत. काय करावं?

पांढरी_चार

कपाटात बल्ब लावला होतात का?

चाकरमानी_डोंबिवली

कपाटात गणपतीचं मखर आहे.